देवळालीचा ताप

दहावीच्या इंग्रजीच्या तासाला एका मुलाने पुस्तक पुढे केले आणि एका शब्दावर बोट ठेवून विचारले, "सर, इसका मतलब?" पुस्तक आमच्या अभ्यासक्रमातले नव्हते. कुणीतरी शाळेला जुन्या इंग्रजी गोष्टीच्या पुस्तकांचे खोके देणगी म्हणून दिले होते, त्यातले ते होते. वाक्य साधे होते. गोष्टीतला एक म्हातारा 'गॉन डूलॅली' आहे, असे त्याचा शेजारी म्हणतो. आम्ही बी.एड. झालेलो असलो आणि इंग्रजी हा आमचा अध्यापनाचा विषय असला, तरी हा शब्द आम्हांला ठाऊक नव्हता. शिक्षकाचे जे नेहमीचे उत्तर असते ते देऊन आम्ही वेळ मारून नेली. "कल बताएंगे."

रात्री शब्दकोश उघडला. अर्थ दिला होता : डोके फिरलेला, भ्रमिष्ट, तात्पुरता वेडा झालेला. बोलीतला, अनौपचारिक शब्द. पुढे व्युत्पत्ती होती आणि तिथे मुंबईजवळच्या देवळाली या गावाचे नाव होते. देवळाली! आमच्या शाळेत येणाऱ्या मुलांपैकी कुणाच्या मामाचे तिथे गॅरेज आहे, कुणाच्या खालाचे सासर तिथले आहे. आम्ही स्वतः नाशिक रोडहून बस पकडून त्या कॅम्पात कितीदा गेलो असू, मोजदाद नाही. ते गाव साहेबाच्या शब्दकोशात वेडाचा अर्थ घेऊन बसले आहे, हे आम्हांला वयाच्या पस्तिशीत कळावे, याची आधी गंमत वाटली.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितले तेव्हा एकच हशा पिकला. "सर, ये तो अपना देवलाली है!" एका मुलाने लगेच शेजाऱ्याला विचारले, "तू देवलाली जाता क्या?" दिवसभर शाळेत तोच विनोद चालला. आम्हीही हसलो. नंतर मात्र या शब्दाचा माग काढत गेलो तेव्हा हसू कमी होत गेले. तो माग इथे मांडतो आहोत.

प्रथम शब्द इंग्रज माणूस कसा वापरतो ते पाहू. डॉक्टर आपल्या कागदावर हा शब्द लिहीत नाही, न्यायाधीश निकालपत्रात लिहीत नाही. तो घरात, दारूच्या गुत्त्यात, वर्तमानपत्राच्या चुरचुरीत सदरात वापरला जातो. आपण सटकलेला, अर्धवट, स्क्रू ढिला असे म्हणतो, त्याच जातीचा तो आहे. त्यात क्रूरपणा कमी आणि खिल्ली जास्त. म्हाताऱ्या आजीने चष्मा फ्रीजमध्ये ठेवला तर नातू हा शब्द वापरेल. संगणक भलतेसलते आकडे दाखवू लागला तर तोही डूलॅली गेला म्हणतील. अमेरिकन माणसाला तो फारसा ठाऊक नाही, कारण हा शब्द ब्रिटिश फौजेच्या बुटांबरोबर घरी आलेला आहे. आणि त्याच्यासोबत क्रियापद बहुतेक वेळा 'जाणे' हे असते. मराठीत माणूस वेडा होतो, उर्दूत पागल हो जाता है. इंग्रजीत तो डूलॅली 'जातो'. मुळात ते खरोखरच एका गावी जाणे होते.

आता गावाकडे वळू. १८५७ नंतर इंग्रज सरकारचा देशी फौजेवरचा विश्वास उडाला आणि हिंदुस्थानात गोऱ्या सैनिकांची संख्या वाढवण्यात आली. पुढची अनेक दशके ती साठ-सत्तर हजारांच्या घरात राहिली. एवढी माणसे समुद्रमार्गे आणायची आणि परत न्यायची म्हणजे एक कायमचे खातेच होऊन बसले. मुंबई हे बंदर, पण मुंबईत हजारो गोरे शिपाई उतरवून ठेवणे सरकारला नको होते. दमट हवा, पटकी, हिवताप, बंदरातले गुत्ते आणि कुंटणखाने. त्यामुळे घाटावर, रेल्वेच्या कडेला, कोरड्या हवेची जागा हवी होती. १८६५ साली थळ घाटातून, म्हणजे आपल्या कसारा घाटातून, रेल्वे वर चढली आणि देवळाली मुंबईच्या एका दिवसाच्या टप्प्यात आली. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंची, उघडे माळरान, दारणा नदी जवळ. १८६० च्या दशकात इथे बराकी उभ्या राहिल्या. १८८३ साली छापलेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरात त्यांची नोंद आहे. विलायतेहून आलेली तुकडी इथे थोडे दिवस थांबे आणि मग हिंदुस्थानभर पांगे. जाणारी तुकडीही इथेच गोळा होई.

जहाजांची व्यवस्थाही याच सुमारास लागली. १८६६ च्या सुमारास खास हिंदुस्थानच्या फौजेची ने-आण करण्यासाठी पाच जहाजे बांधली गेली. त्यांची नावे क्रोकोडाइल, सेरापिस, युफ्रेटिस, जमना आणि मलबार. १८६९ साली सुएझचा कालवा खुला होईपर्यंत दोन जहाजे पोर्टस्मथ ते अलेक्झांड्रिया चालत आणि तीन सुएझ ते मुंबई. मधला मिसरचा तुकडा रेल्वेने पार करावा लागे. कालवा झाल्यावर सारा प्रवास एकाच जहाजातून होऊ लागला. पण एक गोष्ट कालव्यानेही बदलली नाही. उन्हाळ्यात तांबड्या समुद्रात लोखंडी जहाजाच्या पोटात शेकडो माणसे कोंबून नेणे म्हणजे त्यांना भाजून काढणेच, आणि जूननंतर अरबी समुद्राला मोसमी वाऱ्याचे उधाण. म्हणून फौजेची जहाजे साधारण सप्टेंबर-ऑक्टोबर ते मार्च एवढ्याच महिन्यांत चालत. त्याला 'ट्रूपिंग सीझन' म्हणत.

तिसरी गोष्ट कायद्याची. १८७० साली कार्डवेल या युद्धमंत्र्याने शिपायाच्या नोकरीची पद्धत बदलली. पूर्वी शिपाई एकदा भरती झाला की त्याचे आयुष्य फौजेतच जाई. आता बारा वर्षांच्या करारातली पहिली सहा वर्षे प्रत्यक्ष नोकरी आणि उरलेली राखीव दलात, असे ठरले. पुढे या आकड्यांत फेरफार झाले, पण तत्त्व तेच राहिले. परिणाम असा की दरवर्षी हजारो शिपायांची मुदत संपू लागली. अशा माणसाला 'टाइम एक्स्पायर्ड' म्हणत. औषधाच्या बाटलीवर आपण वाचतो तोच शब्द.

आता या तीन गोष्टी एकत्र करून पाहा. मुदत कुणाची कधीही संपते. जहाज मात्र मार्चनंतर सुटत नाही. ज्या शिपायाची मुदत एप्रिलात संपली त्याने काय करायचे? तो आपल्या पलटणीतून निघून देवळालीत येतो आणि ऑक्टोबरची वाट पाहत बसतो. सहा महिने.

या सहा महिन्यांचे वर्णन एका साध्या शिपायाने लिहून ठेवले आहे, हे आपले नशीब. नाही तर फौजेचा इतिहास जनरललोकांचा असतो. फ्रँक रिचर्ड्‌स हा वेल्समधला कोळसा खाणीतला मजूर. १९०१ साली तो रॉयल वेल्श फ्युजिलिअर्स पलटणीत भरती झाला, १९०२ ते १९०९ हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशात राहिला, पुढे पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर चारही वर्षे लढला आणि शेवटपर्यंत साधा शिपाईच राहिला. त्याचे 'ओल्ड सोल्जर साहिब' हे आठवणींचे पुस्तक १९३६ साली निघाले. देवळालीबद्दल तो जे सांगतो त्याचा मथितार्थ असा : मुदत संपलेल्या माणसांना तिथे काहीच काम नसे. कवायत जवळजवळ नाही, पहारा नाही. ज्यांचे वर्तन पलटणीत वर्षानुवर्षे निर्मळ होते तेही इथे बिघडत. दारू, जुगार, बायकांकडून येणारे आजार. घरी जाण्याऐवजी काहीजण लष्करी तुरुंगात जात. आणि काहींचे वागणे विचित्र होई. कुणी विचित्र वागला की शिपाई म्हणत, याला देवळालीचा 'टॅप' झाला आहे. ही म्हण त्या छावणीतल्या कंटाळ्यातून निघाली असावी, असे रिचर्ड्‌स आपला अंदाज म्हणून सांगतो. ठामपणे सांगत नाही. आम्हांला त्याचा हा संकोच आवडला.

छापील कोशांत हा शब्द त्याच्याही आधी, १९२५ साली फ्रेझर आणि गिबन्स यांनी काढलेल्या शिपाई-खलाशांच्या शब्दसंग्रहात आढळतो. तिथेही तो 'टॅप' या शेपटीसह आहे. हे शेपूट आमच्या कामाचे, म्हणजे उर्दूच्या मास्तरच्या कामाचे आहे.

हा टॅप म्हणजे नळ नव्हे आणि डोक्यावर मारलेली टपलीही नव्हे. अनेक इंग्रजांची मात्र तशी समजूत झाली, कारण त्यांच्याकडे सटकलेल्या माणसाला 'टॅप्ड' म्हणतातच. कोशकार सांगतात की हा शब्द हिंदुस्थानी, मूळ फारसी 'तप', म्हणजे ताप. आमच्या वर्गातल्या कोणत्याही मुलाला तो सांगावा लागत नाही. क्षयाला उर्दूत तप-ए-दिक़ म्हणतात, हे घराघरांत माहीत आहे. फारसीत तोच शब्द तब होतो, आणि उन्हाळ्याला फारसीत ताबिस्तान म्हणतात. तिकडे संस्कृतात तप् धातू, त्यावरून ताप, तपन, संताप. फारसी आणि संस्कृत या एकाच आईच्या लेकी असल्याने शब्द दोन्हीकडे एकाच घरातून आला आहे. मग देवळालीच्या गोऱ्या शिपायाने तो उर्दू बोलणाऱ्या खानसाम्याकडून ऐकला की मराठी बोलणाऱ्या कोचमनकडून, यावर भांडण्यात अर्थ नाही. आम्ही मात्र उर्दूकडे कललेले आहोत, हे कबूल करतो. फौजेची बोली हिंदुस्थानी होती. अधिकाऱ्यांना तिच्या परीक्षा द्याव्या लागत. शिपाई परीक्षा देत नसे, तो भिश्ती, धोबी, चहावाला, न्हावी यांच्या तोंडून शब्द उचले आणि आपल्या जिभेवर ठोकून ठोकून वाकडे करी.

शिवाय हा ताप नुसता अलंकार नव्हता. रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू शोधला तो १८९७ साली. त्याआधीची सारी वर्षे देवळालीतला शिपाई मच्छरदाणीबद्दल फिकीर न करता झोपत असणार. हिवताप मेंदूत गेला की माणूस बरळतो, उठून पळतो, माणसे ओळखत नाही. हकीम त्याला सरसाम म्हणत, वैद्य सन्निपात. क्विनीन जास्त झाले तरी कान घणघणतात, डोके गरगरते. वरून एप्रिल-मेचे ऊन आणि रमची बाटली. त्यामुळे 'देवळालीचा ताप' यात खरा ताप किती आणि कंटाळ्याने आलेले खूळ किती, हे त्या वेळी पाहणाऱ्यालाही वेगळे करता आले नसेल. मराठीत आपण सहज म्हणतोच, 'काय डोक्याला ताप आहे!'

इथे व्याकरणाचा एक मुद्दा सांगितल्यावाचून राहवत नाही. वाचकांनी मास्तरची खोड म्हणून सोडून द्यावे. शब्द शेपटीसह होता तेव्हा ते नाम होते. एखाद्याला देवळालीचा ताप 'झाला' आहे, असे वाक्य होई. ताप येतो तसा उतरतो. पुढे शेपूट गळाले, कारण विलायतेत तप म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हते. उरले फक्त गावाचे नाव आणि ते झाले विशेषण. आजार माणसाला झालेला होता, तो आता माणूसच होऊन बसला.

हे असे होणे नवे नाही. मराठीत आपण एखाद्याला म्हणतो, "याला ठाण्याला पाठवा" किंवा "येरवड्याला जागा बघा". उत्तरेकडे आग्रा आणि रांची. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे आहे. सव्वाशे वर्षे तिथे माणसे बरी होण्यासाठी जात आहेत, आणि आपण त्या गावाचे नाव शिवीसारखे वापरतो. इंग्रजांचे याहून मोठे उदाहरण आहे. लंडनमध्ये १२४७ साली सेंट मेरी ऑफ बेथलहेम नावाचा एक मठ स्थापन झाला. पुढे तिथे वेडे ठेवू लागले. लंडनकरांच्या जिभेने बेथलहेमचे 'बेडलम' केले आणि आज इंग्रजीत बेडलम म्हणजे गोंगाट, सावळागोंधळ. अरबीतले बैत-लहम, हजरत ईसा अलैहिस्सलाम यांचे जन्मगाव, ते असे वेड्यांच्या गोंगाटाचे नाव झाले. त्या मानाने आमच्या देवळालीने तक्रार करू नये.

पण एक फरक आहे. बेडलम आणि ठाणे इथे इस्पितळे होती. देवळालीतही वेड्यांचे मोठे इस्पितळ होते, असे काही चटपटीत लेखांत लिहिलेले सापडते. शब्द समजण्यासाठी त्या इस्पितळाची गरज नाही. ज्या गोऱ्या शिपायांचे मन खरेच बिघडले असे डॉक्टरांनी ठरवले, त्यांना इंग्लंडात नेटली येथील लष्करी इस्पितळात नेत. त्यांच्यासाठी तिथे १८७० साली 'डी ब्लॉक' नावाची वेगळी इमारत उभी राहिली. म्हणजे देवळाली वेड्यांना आणण्याची जागा नव्हती. धडधाकट माणसे इथे येत आणि थांबून थांबून तशी होत. शब्दाच्या पोटात हा 'थांबणे' आहे, आणि कोशात नेमका तोच येत नाही.

थांबण्याबद्दल आम्हांला थोडे अधिकाराने बोलता येईल. बी.एड. झाल्यावर आमच्या वर्गातले आम्ही पाचजण एकमेकांना धरून होतो. कुणी विनाअनुदानित तुकडीवर बिनपगारी, कुणी तासिका तत्त्वावर. जागा निघेल, मान्यता येईल, फाईल पुढे सरकेल, अशी वाक्ये आम्ही इतकी बोललो की ती आम्हांला दुआंसारखी पाठ झाली. त्यातला एक मित्र आमच्यात सर्वांत हुशार होता. गालिब त्याच्याइतका चांगला शिकवताना आम्ही कुणाला ऐकले नाही. एका संस्थेत तो नेमणुकीच्या मान्यतेची वाट पाहत सात वर्षे राहिला. वर्ग शिकवायचा, हजेरीपटावर सही नाही. सहाव्या वर्षी तो शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात थांबू लागला. फळ्यावर स्वतःचे नाव, पदनाम आणि रुजू झाल्याची तारीख लिहायचा आणि पुसायचा. पुढे रस्त्याने बोलत चालू लागला. मोहल्ल्यात पोरे म्हणू लागली, "मास्टर का दिमाग सटक गया." आम्ही रागावलो, पण खरे सांगायचे तर आम्हीही त्याच्या घरी जाणे कमी केले. त्याच्या आईने तावीज आणले, झाडफूक झाली. पुष्कळ उशिरा त्याच्या बहिणीने त्याला डॉक्टरकडे नेले. आता गोळ्या चालू आहेत, शिकवण्या घेतो, बरा आहे.

रिचर्ड्‌सच्या पुस्तकाचा सारांश वाचताना आमच्या डोळ्यांपुढे गोरा शिपाई आलाच नाही. पुसलेला फळा आला.

आणि सगळेच थांबणारे असे होतात असेही नाही, हेही नोंदवायला हवे. आमचे आजोबा जहाजाने हजला गेले त्या काळी मुंबईच्या मुसाफिरखान्यात जहाजाची तारीख येईपर्यंत दिवसच्या दिवस मुक्काम पडे. जहाजाने हजला जाणे १९९५ साली बंद झाले. आजोबा त्या मुक्कामाची आठवण आनंदाने सांगत. स्वयंपाक वाटून घेतलेला, नमाज, ओळखी, एकमेकांची दुखणीखुपणी. बसलेले तेही जहाजासाठीच होते. पण त्यांना दिवसाला पाच वेळा काहीतरी करायचे होते, आणि देवळालीच्या शिपायाकडून बंदूकही काढून घेतलेली होती.

फौजेने उर्दूतून नेलेले इतर शब्द पाहिले की त्यातही हेच दोन ध्रुव दिसतात, घर आणि आराम. आपला विलायत हा शब्द अरबी. त्यावरून विलायती, शिपायाच्या तोंडी 'ब्लायटी', म्हणजे इंग्लंड, घर. पहिल्या महायुद्धात खंदकातले शिपाई 'ब्लायटी जखम' मागत. जीव जाणार नाही पण घरी पाठवतील इतपत जखम. खुश किंवा खुशीवरून 'कुशी', म्हणजे आरामाचे काम. बख्शिशवरून 'बकशी', म्हणजे फुकट मिळालेले. 'डेको' म्हणजे देखो. खाकवरून खाकी. पेशावरकडे लम्सडेन याने १८४६ साली गाइड्‌स पलटण उभी केली आणि मातीच्या रंगाचे कपडे चढवले, तेव्हापासून तो शब्द फौजेचा झाला. गंमत अशी की खाकी उतरवून साधे कपडे घातले की इंग्रज त्याला 'मुफ्ती' म्हणतो! आमच्या मुलांना ही यादी फार आवडते. उर्दू घेऊन पुढे काय करणार, असे त्यांना नातेवाईक विचारतात. निदान इंग्रजाने ती घेऊन काय केले, एवढे त्यांना सांगता येते. युल आणि बर्नेल यांचा १८८६ सालचा जो प्रसिद्ध कोश अशा शब्दांचा आहे, त्याचे नाव 'हॉब्सन-जॉब्सन'. मोहर्रमच्या जुलुसातली 'या हसन, या हुसैन' ही हाक गोऱ्या शिपायाने ऐकली तशी ती. एका मातमीच्या हाकेचे त्याने दोन विनोदी साहेब करून टाकले. देवळालीचे डूलॅली करणारा कान तोच.

दुसऱ्या महायुद्धात देवळाली पुन्हा भरली. येणारे, जाणारे, बदलीचे, वाट पाहणारे. जिमी पेरी नावाचा एक तरुण तोफखान्यातला शिपाई तिथे नाटक-गाण्यांच्या पथकात होता. त्याने पुढे डेव्हिड क्रॉफ्टबरोबर बीबीसीसाठी 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही विनोदी मालिका लिहिली. १९७४ ते १९८१ अशी ती चालली आणि तिचे सुरुवातीचे भाग देवळालीत घडतात. चित्रीकरण मात्र इंग्लंडात. त्यातला रंगी राम हा बेअरा मायकेल बेट्‌स या गोऱ्या नटाने तोंडाला रंग फासून केला. हा बेट्‌स झाशीत जन्मला होता आणि त्याला उर्दू येत असे. आज ही मालिका बीबीसी पुन्हा दाखवत नाही, ते या रंगामुळेच. ते योग्यच आहे. पण ज्या करमणूक पथकाची ती गोष्ट आहे ते पथक तरी कशासाठी होते? थांबलेल्या माणसांची डोकी ठिकाणावर ठेवण्यासाठी. रिचर्ड्‌सच्या काळी जे कुणाला सुचले नाही ते चाळीस वर्षांनी सुचले होते.

युद्ध संपल्यावर वाट पाहण्याने आणखी एक रूप घेतले. जानेवारी १९४६ मध्ये कराचीजवळ ड्रिग रोड येथील ब्रिटिश हवाई दलाच्या जवानांनी काम करण्यास नकार दिला. त्यांचे मुख्य गाऱ्हाणे एकच होते, घरी जाण्यास होणारा उशीर. बघता बघता हिंदुस्थान, सिलोन, सिंगापूर अशा सुमारे साठ तळांवर हा संप पसरला आणि पन्नास हजारांच्या आसपास माणसे त्यात आली. पुढच्याच महिन्यात मुंबईत हिंदी नौसैनिकांचा उठाव झाला. इतिहासाच्या पुस्तकात नौसैनिकांचा उठाव येतो, यायलाच हवा. हवाई दलाचा संप एखाद्या ओळीत येतो किंवा येतही नाही. आम्हांला तो देवळालीच्या शब्दाशेजारी ठेवावासा वाटतो. १९०५ साली एकेकटा शिपाई जहाज येत नाही म्हणून बडबडला तेव्हा त्याला ताप झाला म्हणाले. १९४६ साली पन्नास हजार जण एकदम बोलले तेव्हा त्यांना संपकरी म्हटले, काहींवर खटले भरले, आणि लोकांना घरी पाठवण्याचा वेगही वाढवला.

आजच्या देवळालीत फिरताना यातले काही जाणवत नाही. तोफखान्याची शाळा आहे, रुंद रस्ते, जुनी झाडे, पारशी-गुजराती मंडळींचे बंगले आणि आरोग्यधाम. हवापालटाला लोक तिथे मुद्दाम येतात. २००९ साली पुण्यात बिअर गाळणाऱ्या एका कंपनीने 'डूलॅली' हे नाव घेतले आणि आता ते मुंबईतही पाटीवर दिसते. तिथे बसणाऱ्या तरुणांना देवळाली आठवत असेल की नाही कोण जाणे. रमच्या बाटलीपासून निघालेला शब्द फिरून बाटलीपाशीच आला.

हा लेख लिहून झाल्यावर आम्ही तो त्या मित्राला वाचायला दिला. त्याच्याबद्दलचा मजकूर ठेवावा की काढावा, हे त्यालाच विचारायचे होते. त्याने शांतपणे सगळे वाचले. फारसी तबबद्दल आमची एक चूक दुरुस्त केली. मग जहाजांच्या परिच्छेदावर परत गेला आणि म्हणाला, "म्हणजे ऑक्टोबरात जहाज येणार हे त्यांना माहीत होतं?" आम्ही म्हणालो, हो, दरवर्षी येत असे. त्याने कागद घडी करून परत दिले आणि म्हणाला, "मेरा हिस्सा रहने दो. सिर्फ सात नहीं, साढ़े सात साल लिखना."

आम्ही वर सातच ठेवले आहे, कारण तेव्हाच्या हजेरीपटावरून अर्धे वर्ष सिद्ध करता येत नाही. इथे त्याच्या सांगण्यावरून नोंदवतो : साडेसात.